पाय गेले, मांड राहिली
(लिस हार्टेल हिची जीवनकहाणी)

1952 सालचे हेलसिंकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच नाव येते, खाशाबा जाधव यांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले, तेव्हा कुठे खाशाबांना फिनलंडची वाट दिसली. आणि 23 जुलै 1952 रोजी त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी मी खाशाबांची माहिती गोळा करत होते. ग्रंथालयात ऑलिंपिकच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. पाने उलटता उलटता त्याच हेलसिंकीतली दुसरी एक नोंद नजरेला पडली. खेळ घोडेस्वारी, पदक रौप्य, देश डेन्मार्क, नाव लिस हार्टेल. पुढे एका ओळीत लिहिले होते की या बाईचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली लुळे होते. मी ती ओळ दोनदा वाचली. पाय नसताना घोड्यावर? आणि तेही ऑलिंपिकमध्ये? भाषण खाशाबांवरच झाले. पण ही बाई मनातून जाईना. मग जिथे जिथे सापडली तिथून तिची हकीकत जमवली. तीच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

लिसचा जन्म 14 मार्च 1921 रोजी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या शेजारच्या हेलरुप या गावी झाला. घोड्यांची ओढ तिला लहानपणापासूनच होती. आपल्याकडे घोडा दिसतो तो नवरदेवाच्या वरातीत, नाहीतर माथेरानच्या लाल मातीत. तिकडे घोडेस्वारी हा रीतसर शिकायचा विषय आहे. पण शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी घोडा उधळायला मिळत नाही. आधी घोड्याजवळ कसे जावे ते शिकायचे. मागून नव्हे, खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असे. मग खरारा करायचा, खुरांतली माती काढायची, खोगीर चढवून तंग आवळायचा. नंतर शिक्षक घोड्याला लांब दोरीवर धरून गोल फिरवतो आणि शिकणाऱ्याचे पाय रिकिबीतून काढायला लावतो. हेतू हा की, रिकिबीच्या आधाराशिवाय अंगाचा तोल घोड्याच्या चालीशी जुळावा. आपल्या भाषेत याला सुरेख शब्द आहे, मांड. मांड पक्की झाली की मगच पुढचे सगळे.

लिसची मांड पक्की होती. 1941 साली तिचे लग्न फिन हार्टेल याच्याशी झाले. देशावर तेव्हा जर्मनांचा ताबा होता, तरीही त्या दिवसांत तिचा सराव चालूच राहिला. 1943 आणि 1944 अशी लागोपाठ दोन वर्षे ती ड्रेसाज या प्रकारात डेन्मार्कची विजेती ठरली. घरात पहिली मुलगी होती, दुसऱ्या बाळाची चाहूल लागली होती. वय अवघे तेवीस. संसार आणि खेळ दोन्ही अगदी रंगात आले होते.

आणि सप्टेंबर 1944 मध्ये तिला पोलिओ झाला.

पोलिओ हा मुलांचा रोग असे आपण समजतो, पण तो मोठ्यांनाही सोडत नसे. या रोगाचे विषाणू तोंडावाटे पोटात जातात. बहुतेकांना काहीच होत नाही. पण काही थोड्यांच्या बाबतीत ते मज्जारज्जूपर्यंत पोचतात आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मारून टाकतात. स्पर्श कळतो, दुखते ते कळते, पण पाय हलवावा म्हटले तर हलत नाही. लिसचे जवळजवळ सगळे अंग लुळे पडले. पोटात बाळ, आणि हात उचलून तोंडावरची माशी वारण्याचीही ताकद नाही! त्या आईच्या मनाचे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी. डॉक्टरांचे मत पडले की फार तर कुबड्यांवर चालता येईल. घोड्याचे नावही काढू नये.

1945 साली तिला दुसरी मुलगी झाली, सुदैवाने अगदी सुदृढ. मग सुरू झाली एक वेगळीच शाळा. नवरा आणि आई यांच्या मदतीने तिने व्यायाम आखले. आधी हात उचलायचा सराव, मग मांड्यांचे स्नायू, मग जमिनीवर रांगणे. ज्या घरात लहान मूल रांगू लागणार होते त्याच घरात त्याची आईही रांगायला शिकत होती. महिन्यांमागून महिने गेले आणि ती कुबड्या घेऊन उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा गाठली. दुसरे कोणी असते तर इथेच समाधान मानून थांबले असते. लिसने घोडा मागितला.

या ठिकाणी ड्रेसाज म्हणजे काय ते सांगायला हवे, त्याशिवाय तिने काय केले ते कळणार नाही. ड्रेसाज हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ तालीम, शिक्षण. इथे शर्यत नाही, उड्या नाहीत. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा आखलेल्या रिंगणात स्वाराने घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या. पुढे न सरकता जागच्या जागी दुडकी चाल, तिरके चालत जाणे, धावता धावता दर पावलाला पुढचा पाय बदलणे. पंच प्रत्येक चालीला गुण देतात. आणि हे सगळे असे व्हायला हवे की, स्वार काहीच करत नाही, घोडा आपल्या मनानेच नाचतो आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. स्वार काही करत नसतो असे नाही. लगामाला बोटांचा ओझरता इशारा, पाठीचा किंचित दाब, बैठकीचा भार जरासा इकडून तिकडे, आणि मुख्य म्हणजे पोटऱ्यांचा आणि टाचांचा दाब. घोड्याशी बोलण्याची अर्धीअधिक भाषा पायांची.

लिसची नेमकी तीच भाषा गेली होती. गुडघ्यांखालचे पाय कायमचे निर्जीव राहिले. हातांतही पूर्वीचा जोर आला नाही. घोड्यावर चढताना तिला दुसऱ्यांनी उचलावे लागे, उतरतानाही तसेच. सुरुवातीला ती पडली, पुन्हा पुन्हा पडली. थोडा वेळ बसले तरी अंग मोडून येई आणि मग कितीतरी दिवस विश्रांती घ्यावी लागे. पण हळूहळू तिने पायांची भाषा सोडून दिली आणि पाठीची, कमरेची, मांडीची भाषा घोड्याला शिकवली. शिकणाऱ्याला चार दिवस रिकिबीशिवाय बसवतात, ती जन्मभर तशी बसली म्हणा ना! तिच्या घोडीचे नाव ज्युबिली. ही काही नामांकित, लाखांत एक अशी घोडी नव्हती. मात्र स्वारीणबाईंच्या अंगाचा बारीकसा कलही तिला समजू लागला. 1947 साली, म्हणजे आजारानंतर तीन वर्षांच्या आत, लिस स्कँडिनेव्हियन स्पर्धेत उतरली आणि स्त्रियांच्या ड्रेसाजमध्ये दुसरी आली.

पण ऑलिंपिकचे दार तिला बंद होते. तिच्या पायांमुळे नव्हे, ती स्त्री होती म्हणून.

ऑलिंपिकमधली घोडेस्वारी तोवर लष्करी अधिकाऱ्यांची मिरास होती. स्त्रियांना मज्जाव होताच, पण साध्या सैनिकालाही होता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ड्रेसाज संघाला सुवर्णपदक मिळाले. संघात गेनॉल पेर्सन नावाचा एक स्वार होता. तो अधिकारी नव्हता. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती आणि स्पर्धा आटोपल्यावर काही आठवड्यांतच त्याला पुन्हा खाली उतरवले. ही गोष्ट बाहेर फुटली आणि 1949 साली संपूर्ण संघ बाद झाला, सुवर्णपदक फ्रान्सकडे गेले. पेर्सनने घोडा वाईट चालवला असे कोणीच म्हटले नाही. दोष होता तो त्याच्या खांद्यावरच्या फितीचा! या प्रकरणाची इतकी शोभा झाली की नियम बदलावे लागले. 1952 पासून ड्रेसाजचे रिंगण साध्या सैनिकांना, बिनलष्करी स्वारांना आणि स्त्रियांना खुले झाले. स्त्री-पुरुषांनी एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने उतरायचे असे ठरले आणि ती रीत आजही चालू आहे.

हेलसिंकीला ड्रेसाजमध्ये चार स्त्रिया उतरल्या. त्यांत लिस होती. मदतनिसांनी तिला ज्युबिलीवर बसवले आणि ती रिंगणात शिरली. पुढची काही मिनिटे तिच्यात आणि इतर स्वारांत कोणालाही फरक दिसला नसेल. घोडी चालली, दुडकली, तिरकी गेली, जागच्या जागी नाचली. निकाल लागला. स्वीडनचा हेन्री सेंट सीर 561 गुणांनी पहिला. लिस हार्टेल 541.5 गुणांनी दुसरी. फ्रान्सचा आंद्रे जुसोम 541 गुणांनी तिसरा. अर्ध्या गुणाचे अंतर! घोडेस्वारीत ऑलिंपिक पदक मिळवणारी लिस ही पहिली स्त्री ठरली.

पदक घ्यायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला तो व्यासपीठाच्या पायरीचा. घोड्यावर असताना जिला काहीही अडले नाही तिला जमिनीवरची एक पायरी अडली. तेव्हा सुवर्णपदकाचा मानकरी सेंट सीर पुढे झाला आणि त्याने तिला आधार देऊन वर आणले. पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले असे सांगतात, आणि ते खरेच असणार. पण मला या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. हाच सेंट सीर 1948 च्या त्या बाद झालेल्या संघात होता. सोबत्याचा हुद्दा कमी म्हणून गळ्यातले सुवर्णपदक परत करावे लागलेला हा माणूस. योग्यता कुठे असते आणि नियम ती कुठे शोधतात हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल? हेलसिंकीला पेर्सन पुन्हा त्याच्या संघात होता आणि या वेळी संघाचे सुवर्णपदक कोणी काढून घेतले नाही.

लिस पदक घेऊन मायदेशी परतली, आणि जेमतेम महिना उलटतो न उलटतो तोच कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम या साथीच्या रोगांच्या रुग्णालयात रोज नवे रोगी येऊ लागले. कित्येकांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत. श्वास देणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी, आणि अशा रोग्यांपैकी बहुतेक सगळे दगावत होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑगस्टच्या अखेरीस एक उपाय काढला. रोग्याच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत सोडायची. उपाय साधा, पण ती पिशवी रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे दाबत राहायची कोणी? विद्यार्थ्यांनी! वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून रोग्यांच्या उशाशी बसले आणि हातांनी त्यांचा श्वास चालवत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागाची मुळे याच धडपडीत आहेत. ते विद्यार्थी आपल्याच वयाचे होते. त्यांची नावे कुठल्या पदकावर कोरलेली नाहीत.

1956 चे ऑलिंपिक मेलबर्नला होते. पण परदेशी घोड्यांना देशात घेण्याबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम अतिशय कडक असल्याने घोडेस्वारीच्या स्पर्धा तेवढ्या जूनमध्ये स्टॉकहोमला झाल्या. लिस आणि ज्युबिली पुन्हा आल्या. सेंट सीरला 860 गुण, लिसला 850. पुन्हा रौप्य. तिसरी आली जर्मनीची लिझेलोट लिन्सेनहॉफ. चार वर्षांपूर्वी जिथे स्त्रियांना नुकते दार उघडले होते तिथे तिघा विजेत्यांत आता दोघी स्त्रिया होत्या.

इथवरची गोष्ट जिद्दीची झाली आणि अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. लिसचे खरे मोठेपण मला तिच्या पुढच्या कामात वाटते. आपल्या शरीराला घोड्याने काय दिले हे तिने ओळखले होते, आणि ते इतरांनाही मिळावे यासाठी ती झटली. तिने घोडेस्वारीची प्रात्यक्षिके केली, पोलिओग्रस्तांसाठी निधी जमवला. पन्नासच्या दशकात डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांत फिजिओथेरपीच्या जाणकारांनी अपंग मुलांना घोड्यावर बसवायला सुरुवात केली. ही कल्पना हळूहळू युरोपभर पसरली. 1969 साली ब्रिटनमध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेतही या कामाच्या राष्ट्रीय पातळीवरच्या संघटना उभ्या राहिल्या. हॉलंडमध्ये तर लिसच्या नावानेच संस्था निघाली.

घोड्यावर बसून रोगी बरा कसा होईल, अशी शंका कोणालाही येईल. घोडा काही जादू करत नाही आणि मेलेल्या पेशी जिवंतही होत नाहीत. पण घोडा सावकाश चालू लागला की बसणाऱ्याची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि किंचित गोल अशी हलते. माणूस स्वतः चालताना कंबर जशी हलते जवळजवळ तशीच. ज्या मुलाने जन्मात पाऊल टाकलेले नाही त्याच्या शरीराला चालणे म्हणजे काय ते असे पहिल्यांदा कळते. तोल सावरण्यासाठी पाठीचे आणि पोटाचे स्नायू आपोआप काम करू लागतात. घोड्याचे अंग आपल्याहून थोडे उबदार असते, त्या उबेने आखडलेल्या मांड्या सैल होतात. आणि आणखी एक लाभ, जो मोजता येत नाही. चाकाच्या खुर्चीतून ज्या मुलाला सदैव माना वर करून जगाकडे पाहावे लागते त्याला एवढ्या वेळापुरते जगाने मान वर करून पाहावे लागते.

अशा एका मुलामागे माणसे किती लागतात? एक जण घोड्याचा दोर धरून पुढे चालतो. दोघे दोन बाजूंनी मुलाच्या मांडीवर वा घोट्यावर हात ठेवून चालतात. शिक्षक मध्ये उभा राहून सूचना देतो. शिवाय पागा झाडणारा, खरारा करणारा, दाणावैरण पाहणारा. यांतले बरेच जण स्वयंसेवक असतात. रिंगणातल्या मातीतून ते मैलोन् मैल चालतात आणि स्वतः मात्र घोड्यावर बसत नाहीत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांना या चालण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

लिसने पुढे अनेक वर्षे स्वार घडवले. 1992 साली डेन्मार्कने आपल्या क्रीडा क्षेत्रातल्या थोरांच्या मालिकेत तिचा समावेश केला. 1996 साली अटलांटा येथील पॅरालिंपिकमध्ये अपंग स्वारांच्या ड्रेसाजचा प्रवेश झाला, तोही तिला पाहायला मिळाला. 12 फेब्रुवारी 2009 रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी तिने जगाचा निरोप घेतला. तेव्हा आम्ही वर्गातली बहुतेक मुले नुकती बोबडे बोलू लागलो होतो आणि आमच्या करंगळीवर पल्स पोलिओची शाई लागत होती. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्याजवळ आढळला. 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. घरोघर डोस पाजत हिंडणाऱ्या अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई यांचे हातही मला त्या कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांच्या हातांसारखेच वाटतात.

थोरांची चरित्रे वाचली की, त्यांनी सारे काही एकट्याच्या बळावर केले असा आपला समज होतो. मग आपली छाती दडपते आणि पुस्तक मिटून आपण गप्प बसतो. लिस हार्टेलच्या चरित्राने मला उलटे शिकवले. तिची जिद्द अपार होती यात शंकाच नाही; मांड तिची स्वतःची होती, ती कोणी उसनी दिली नव्हती. पण खोगिरावर बसायला तिला दरवेळी कोणाचे तरी हात लागले, आणि ते मागताना तिने कमीपणा मानला नाही. खाशाबांच्या मागेही असेच हात होते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मला इथवर कोणी कोणी उचलून आणले ते मी जाणते. म्हणून वाटते, मांड पक्की करणे हे आपले काम. पण रिकिबीपर्यंत न पोचणारा कोणी शेजारी दिसला तर खाली वाकून त्याला हात देणे, हेही आपलेच काम.

— द्वितीय वर्ष, कला